कूप नंबर अकरा

तळोद्याच्या रेंज कचेरीत रुमालाची गाठ सोडली
तर आत सातपुडा, आठ घड्यांत.
कापडावर चिकटवलेला, इंचाला एक मैल.
कसर लागलेली नेमकी तोरणमाळच्या अंगाला.

समोच्च रेषा तपकिरी, बारीक,
डोंगरांचे अंगठे घेऊन ठेवल्यासारख्या.
कूप एक, कूप दोन, लाल शाईत.
दहापर्यंत प्रत्येकावर तिरकी रेघ : तोडला.
तुटक रेघ ती गाडीवाट,
इथूनच साग उतरला
बैलांच्या मानेवरून, प्रकाशाकडे.

वनहक्काचा दावा घेऊन आलेला रेहमल पावरा
टेबलावर वाकला.
वाचता येत नाही, म्हणाला,
आणि बोट ठेवलं थेट नाल्याच्या वळणावर.
"हे उंबऱ्यापाणी."
नकाशात 'ऊमरापनी'. पलीकडे कोरं.
"पलीकडे सात घरं. आज्याचं चौथं."

मी भिंग घेतलं.
अकराच्या कडेला काळे ठिपके.
इतकी वर्षं मला वाटायचं, माश्या बसल्या असतील.
एक, दोन… सहा.

"सातवं?"
"त्यात मोहाची भट्टी होती.
मोजणीवाले यायच्या आदल्या रात्री
खांबांसकट वर नेलं."

अकरावर मात्र तिरकी रेघ नाही.
समासात बारीक अक्षरात शेरा,
मी मोठ्यानं वाचला :
'शिक्क्याची हातोडी गहाळ. चौकशी चालू.'

रेहमल खिडकीबाहेर बघत राहिला,
जरा जास्तच वेळ.