कुत्र्याचं माप

तो झोपलेला असताना मी टेप लावला.
नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत
अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर.
खांद्याशी उंची बावन्न.
छाती, श्वास आत घेतल्यावर, पंच्याहत्तर.
गिऱ्हाईक हललं नाही.
एक डोळा उघडून त्यानं टेप पाहिला, आणि मिटला.
नवरदेवसुद्धा माप देताना इतके शांत नसतात.

कोयाइकेत कुत्रं कुणा एकाचं नसतं.
बेकरीत त्याला गोर्दो म्हणतात,
शाळेच्या फाटकाशी तो कापितान,
चर्चच्या पायरीवर काय म्हणतात, ठाऊक नाही.
माझ्या परसात मी नुसतं 'अरे' म्हणते.
आला तर येतो.

मे संपत आला होता.
नदीवरचा वारा आता दार वाजवत नाही,
सरळ आत येतो.
निबाल्दो ओयार्सून कुंपणापलीकडून म्हणाला,
कोइग्वेच्या फळ्या घे, एदुविना,
पाइन दोन हिवाळ्यांत कुजतं.
आणि करवत दिली, मूठ माझ्याकडे करून,
कात्री द्यावी तशी.

कोइग्वे घरातच होतं.
चाळीस वर्षं ज्याच्यावर कापड बेतलं, ते टेबल.
सहा फळ्या. खडूच्या रेघा, टाचण्यांची भोकं,
दातेरी चाकानं उठवलेल्या ठिपक्यांच्या वाटा:
कुणाच्या बाह्या, कुणाचे घेर,
बाराओनांच्या पोरीचा लग्नाचा झगा,
जो न्यायला ती आलीच नाही.
आता सुईचं नेढं मला दिसत नाही.
टेबलावर नुसती विजेची बिलं आणि बटाटे.
तरी पहिली फळी कापताना
मी रेडिओ मोठा केला.

चुकलं ते मायेपाशी.
हाताला सवय. चारी बाजूंनी चार-चार बोटं
जास्त सोडली. पोर वाढेल, बाई सुटेल,
उसवून सैल करता आलं पाहिजे.
निबाल्दो हसला. हे घर आहे की गोठा?
एवढी पोकळी तो एकटा तापवणार कशी?
आत स्टोव्ह नसतो, बाई. तोच स्टोव्ह.
उठता यावं, एक गिरकी घेता यावी,
वेटोळं करून पडता यावं. बस्स.

म्हणजे माया काढून टाकायची.
मी नव्यानं खूण केली, चार बोटं आत.
पट्ट्या पायाशी पडत गेल्या,
त्याच संध्याकाळी चुलीत घातल्या.
आयुष्यात पहिल्यांदा
इतकं अंगाबरोबर बेतलं कुणाचं.

खाली विटा. आत पेंढा.
घोंगडी नको, ती आधी ओली होते, मग बर्फाची;
हे गुरांच्या दवाखान्यातली इर्मा सांगून गेली.
दार मधोमध नाही, कोपऱ्यात,
वाऱ्याकडे पाठ करून.
छप्पर बिजागऱ्यांवर, मशीनच्या झाकणासारखं.
खडूची बाजू मी आतून ठेवली.
पाऊस लागू नये म्हणून, असं निबाल्दोला सांगितलं.
दाराला जुन्या कोटाचा पडदा, दुहेरी तुरपाई.

अकरा दिवस तो आत गेला नाही.
छपरावर बसला. भिंतीशी तंगडी वर केली.
आत हाड ठेवलं तर
मागचे पाय परसातच रोवून
मान लांबवून तेवढं हाड उचललं.
पडदा ओरबाडून कुंपणापाशी नेऊन टाकला.
तुरपाई मात्र सुटली नव्हती.

बाराव्या रात्री बर्फ पडलं.
मी खिडकीशी गेले नाही.
सकाळी परसात पावलांची एकच ओळ:
घरातून बाहेर, कुंपणाखालून, बेकरीकडे.
आल्याची खूण बर्फानं बुजवलेली.

मी गुडघे टेकले, डॉक्टर नको म्हणतात तरी,
आणि कोपरापर्यंत हात आत घातला.
पेंढ्यात गोल खळगा, अजून कोमट.
टेप घरात राहिला होता.
हातानंच मोजला.
दोन विती
आणि वर चार बोटं.