थैली नंबर सतरा

सावद्याच्या पुढे, सुकी नदीकाठच्या
सुपडू फिरक्यांच्या केळीबागेतली किलोभर माती
मी घमेल्यात घेते, मिठाच्या पाण्यात कालवते.
काळी माती तळाशी बसते
आणि वर तरंगून येतात
खताच्या दाण्यांची रिकामी टरफलं.
आतला युरिया झाडांनी कधीच पिऊन टाकला.
तीन बागा वाढल्या, कापल्या,
ट्रकात बसून दिल्लीला गेल्या.
टरफलं इथंच.
मोजली. दोनशे बारा.
फिरकेकाका वाकून बघतात,
"मासोयीची अंडी हायेत काय?"

प्लास्टिकला थांबता येतं,
जाता येत नाही.

म्हणून केळीच्या सालीचं पीठ, जवसाचं तेल,
धावड्याचा डिंक, असं काहीबाही शिजवून
मी दाण्यांना नवा अंगरखा चढवला,
थैल्यांत भरून झाडांच्या बुडाशी पुरला.
मे महिना, पंचेचाळीस अंश.
पहिल्याच पाण्याला सगळं मोकळं झालं,
कोवळ्या पानांच्या कडा करपल्या.

याला जाता येतं,
थांबता येत नाही.

थैल्या उकरायला सायराबाई तडवी येते.
एरवी उन्हाळाभर ती घरोघरी बिबडे घालते.
माझा थर तिनं नखानं खरवडून पाहिला.
"येवढा जाड नको. पातय लाव,
सावलीत वायव, मंग दुसरा हात."
आणि रिकामी थैली उन्हात धरून,
"आन् हे नायलॉन कधी सडीन वं ताई?"

प्रयोगाच्या पद्धतीत नायलॉनच लिहिलंय.
मी कधी विचारलंच नव्हतं.

मग जुन्या धोतराच्या थैल्या तिनंच शिवल्या,
सुती दोऱ्यानं.
दाण्यांवर तीन पातळ हात, खाटेखाली वाळवून.

पंधराव्या दिवशी दाणे टणक.
पंचेचाळिसाव्या दिवशी भिजल्या मटकीसारखे.
साठाव्याला दोन थैल्या उंदरांनी पळवल्या,
त्या धरू नका.
नव्वदाव्या दिवशी सतरा नंबरच्या काडीपाशी
आम्ही दोघींनी हातभर खणलं.
पांढरी मुळं. एक गांडूळ. ओल.
"काय लिहू राह्यली?"
सापडली नाही, असं लिहिते.
"सर बोलतीन."
बोलतील. वजनाचा रकाना रिकामा आहे.

त्या खड्ड्यातली माती घरी आणली,
मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली.
सकाळी वर तरंगत होती
जुनीच टरफलं, एकोणीस.

नवं काही नाही.