दोन दांडे

अहवालात कारणाचा रकाना एका ओळीएवढाच होता.
त्यात मावले दोन शब्द:
वैमानिकाची चूक.
खाली सही, तारीख, गोल शिक्का.

मी जुहूच्या हँगरमधला फिटर, हरेश्वर तांडेल.
मला कोणी विचारलं नाही.

विमान पोटावर बसलं होतं धावपट्टीच्या मधोमध,
पंख्याची पाती केळीच्या पानासारखी मागे वळलेली.
कॅप्टन टिपणीस खाली उतरून उभे,
उजवा हात समोर धरून,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत.

उतरणं सुरेख झालं होतं. मी पाहिलं होतं.
चाकं टेकली ती आवाजही न करता.
मग फक्त फ्लॅप वर घ्यायचे होते.
फ्लॅपचा दांडा आणि चाकांचा दांडा
शेजारी शेजारी, एकाच साच्यातले,
माथ्यावर तीच काळी गोटी.
जुळ्यांना एका ठाणातले शर्ट शिवायचे
आणि भलत्याला हाक मारली म्हणून
पाहुण्याला दाराबाहेर काढायचं.

त्या रात्री पाळी संपल्यावर
तशाच दुसऱ्या विमानात जाऊन बसलो.
डोळे मिटले. स्वतःलाच हुकूम सोडले:
फ्लॅप. चाकं. फ्लॅप. फ्लॅप. चाकं.
वीस वेळा.
पाचदा चुकलो.
मी, ज्याने ते दोन्ही दांडे
याच हातांनी बसवले होते.

माझी आई पहाटेच्या अंधारात
टोपलीत हात घालून सांगायची,
ही मांदेली, हा बोंबील, ही मुडदुशी,
आणि हा कुणीतरी दगड टाकलाय वजनाला.
दिव्याची गरज नव्हती तिला.
हुशार होती, होतीच,
पण बोंबील हाताला बोंबलासारखा लागतो
हे काम बोंबलाने केलेलं असायचं.

पोराची पत्र्याची मोटार होती.
तिचं एक रबरी चाक उपसलं,
चाकांच्या दांड्याच्या माथ्यावर बसवलं.
फ्लॅपच्या दांड्याला सागाची चपटी पट्टी,
कडेला तासून पातळ केलेली, पंखासारखी.
पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.
हेल्पर परशाच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.
वीसपैकी वीस.
म्हणाला, "मेस्त्री, यात परीक्षा कसली?"
नव्हतीच. तेच तर.

सोमवारी निरीक्षक आले.
अनधिकृत फेरबदल, म्हणाले. काढा.
काढलं. माझ्या नावापुढे लाल रेघ.
चाक खिशातून घरी आणून मोटारीला परत लावलं,
ते नंतर कायम डुगडुगतच राहिलं.

टिपणीस पुढे पार्ल्यात गणिताच्या शिकवण्या घ्यायचे.
एकदा भाजीवालीपुढे भेटले.
मी सांगायला लागलो, साहेब, वीसपैकी पाच, डोळे मिटून...
त्यांनी उजवा हात पिशवीआड नेला.
"माझंच लक्ष नव्हतं, तांडेल."
लक्ष होतं. मी पाहिलं होतं.
तेव्हा मात्र मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.

आता नजर निम्मी गेली आहे माझी.
उशाशी दोन बाटल्या,
एक डोळ्यांत घालायची, एक कानात.
उंची तीच, झाकण तेच.
परवा रात्री भलतीच उचलली,
थेंब पापणीवर पडणार तोच वासावरून कळलं.
बायको उठली.
मला वाटलं, आता म्हणेल,
वय झालं, लक्ष कुठे असतं तुमचं.
ती काही बोलली नाही.
फळीवरच्या डब्यातून रबरबँड काढला,
कानाच्या बाटलीला तीन वेढे दिले,
आणि दिवा मालवून झोपली.