पाठीतला कागद

छापखान्यातून पुस्तक येतं ते पिंपातून.
सुटे ताव, एकावर एक रचलेले,
आणि पिंपाला खारवलेल्या माशांचा वास.
मी ते दोन दिवस दोरीवर टाकतो,
मग घडी, मग दगडावर ठेवून हातोडा.
पान चापट बसलं पाहिजे,
पण समोरच्या पानावर शाई उमटता कामा नये.
एवढं बापाकडून शिकलो. बाकीचं मार खाऊन.

छापणारे हुशार. सगळं छापतात,
प्रकरणाचं पहिलं अक्षर तेवढं सोडून देतात.
तिथे कोरी चौकट,
आणि तिच्या मधोमध मुंगीएवढी खूण:
इथे एस काढ, इथे डी, चुकू नकोस.
रंगाऱ्याने ती मुंगी हिंगुळाखाली पुरायची.

आमच्या उल्ममधला रंगारी ऊट्झ.
अंड्याच्या पांढऱ्यात हिंगूळ खलायचा
आणि त्यात कानातला मळ घालायचा.
बुडबुडे मरतात, म्हणायचा.
त्याचा क्यू म्हणजे शेपूट उडवून चाललेली मांजर.
पीच्या पोटात माणसांचे चेहरे, लांब नाकांचे;
त्यातलं एक नाक माझं होतं.
मी काही बोललो नाही. तोही.

एक्क्याण्णवाव्या पानावर लाल संपतं.
उपासाचे दिवस, अंगात ताप,
तिसऱ्या रात्री ऊट्झ गेला.
आठवड्याने त्याची पोर आली, आफ्रा,
हातात बापाच्या हिशोबाचा कागद:
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
सगळ्या रेघा लाल.
(हिंगूळ माझाच. काळी शाई त्याला विकत घ्यावी लागली असती.)
अकराशे अक्षरं. मी पैसे दिलेले तीनशेंचे.

ती म्हणाली, उरलेली मी काढते.
मी रद्दीतला एक ताव पुढे केला.
तिने डी काढला:
चाकावरून निसटलेलं मडकं.
पण लाल बापाचाच होता, कडेला जरा दाट.

मठाचा कारभारी म्हणाला, पोरीचा हात नको.
आहे तसंच बांध, कोरी जागाही देवाला वाचता येते.
आकडे मात्र पितळेचे हवेत, हे त्याने दोनदा सांगितलं.

बांधलं.
ओकच्या फळ्या, तुरटीत कमावलेलं डुकराचं कातडं,
ओलं आहे तोवर ताणायचं, कोपऱ्यात चुण्या पडायच्या आत.
ठसा तापवून गालाजवळ धरायचा:
जास्त झाला तर कातडं करपतं,
कमी पडला तर हरणाच्या जागी नुसता डाग.
मधे डाळिंबाची जाळी, कडेने पळणारी हरणं.
सोनं नाही. सोनं व्हेनिसवाले लावतात.
शेवटचं हरिण अर्धंच मावलं,
मागचे पाय चौकटीबाहेर राहिले.
कारभाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. तो आकडे उघडझाप करून बघत होता.

पाठीला आतून चिकटवायला कागद लागतो.
रद्दी पुष्कळ होती: जुन्या प्रार्थना, मोडलेला करार,
कुणाच्या तरी लग्नाची बोलणी.
मी आफ्राचा कागद उचलला,
सरस लावला,
आणि रेघा आत करून पाठीत दडवला.

बुडवले म्हणू नका. थोडे दिले,
थोड्याचं पीठ दिलं, एकदा जोडे.
मग ती आउग्सबुर्गला गेली, पत्ते रंगवणाऱ्याकडे.
राजे, घंटा, बदाम;
तिथे वाकडी रेघ खपते, पत्ता पिसला की झालं.
दोनशे अक्षरं माझ्याकडे राहिली.

पुस्तक आता मठात साखळीला आहे.
त्याची पाठ ताठ आहे, माझी नाही.
कधीतरी ती उसवेल, कुणीतरी सरस भिजवून
कागद अलगद सोडवेल, मोजायला बसेल.
तुला सांगून ठेवतो, जो कोण असशील तो:
शेवटची एकटी उभी रेघ ऊट्झची नाही.
डी काढून झाल्यावर आफ्राने
माझ्या हातातून कागद परत घेतला,
माझ्याकडे बघत ती रेघ मारली
आणि कुंचला माझ्याच फडक्याला पुसला.

तीही धर.