पाहुणीचा बिल्ला

जूनमध्ये किल्ल्या परत केल्या.
एकोणीस होत्या. बॉयलरची, जिमची, दूध ठेवायच्या फ्रिजची,
आणि एक कुठल्याच कुलुपाची नसलेली,
जी अकरा वर्षं उगाच खुळखुळत राहिली कमरेला.
बढती, म्हणाले. आता चौदा शाळा तुझ्या.
चौदांपैकी एकीचंही दार
मला माझ्या हातानं उघडता येत नाही.

बेल दाबते. काचेपलीकडची बाई मान वर करते.
वहीत लिहिते : रेनाटा आर्चुलेटा, आठ वाजून वीस,
येण्याचं कारण
(इथं दर वेळी पेन अडतं)
मग कोटावर चिकटवते बिल्ला : पाहुणी.

जानेवारीत वायेसितोच्या शाळेचा बॉयलर बंद पडला.
खिडक्यांवर आतून बर्फाची साय.
ओविडिओ माएस, मुख्याध्यापक, दुसरंच वर्ष,
फोनवर कुणाला तरी तिसऱ्यांदा विनवत होता.
माझे हात शिवशिवले.
खोऱ्यातला मिस्त्री, त्याचा घरचा नंबर,
त्याच्या बायकोची गुडघेदुखी, सगळं पाठ मला.
तासाभरात नळ्या गरम. शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या.
कुणासाठी, ते ओविडिओनं पाहिलं.
मग त्यानंही वाजवल्या.

संध्याकाळी वेंडेल त्सोसीला सांगितलं, जरा मिरवतच.
वेंडेल मला हे नवं काम शिकवतो.
निवृत्त माणूस, महिन्यातून दोनदा येतो
दोनशे मैल पिकअप हाकत,
खिशातले भाजलेले पिनॉन सोलत ऐकतो.
"म्हणजे आज वायेसितोला दोन मुख्याध्यापक होते,"
तो म्हणाला.
"आणि तुझं काम कोण करत होतं?"

त्या रागाचं टरफल निघायला आठवडा लागला.

मग जिल्हा कार्यालयाच्या तळघरात तालमी.
तो हट्टी मुख्याध्यापक व्हायचा, मी मीच.
एक प्रश्न विचारायचा, आणि गप्प राहायचं.
"सहा सेकंद," तो घड्याळ बघत म्हणायचा.
"अकरा."
"रेनाटा, पुन्हा उत्तर दिलंस."
काय करू? उत्तरांवरच तर जगले इतकी वर्षं.
माझ्या दाराशी रांग लागायची उत्तरांसाठी,
आणि रांग मोठी असली की
मला रात्री छान झोप यायची.

मार्चमध्ये पुन्हा वायेसितो. बेल, वही, बिल्ला.
तिसरीच्या वर्गात मागे, बुटक्या खुर्च्यांवर,
मी आणि ओविडिओ, गुडघे हनुवटीशी.
बाई अपूर्णांक शिकवत होत्या.
नंतर कॉरिडॉरमध्ये विचारलं, "तुला काय दिसलं?"

फरशा मोजल्या. हरवलेल्या हातमोज्यांचं खोकं पाहिलं.
खाली बॉयलर गुरगुरत होता,
माझाच, म्हटलं तर.
जिभेवर तीन उपाय, तिन्ही चांगले,
गरम चहासारखे गिळले. घसा भाजला.

"ती खिडकीजवळची मुलगी," अखेर तो म्हणाला,
"कागदाच्या बरोबर आठ घड्या घालून बसली होती.
कुणी पाहिलं नाही.
आणि मी… मी ऑगस्टपासून या वर्गात आलोच नव्हतो."

"मग?"
दोनच अक्षरं. वेंडेलनं मोजली असती.

मग त्यानं जे ठरवलं ते मी ठरवलं नसतं.
बाईंशी आजच बोलणार, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत.
चुकेल कदाचित.
मी कोटाची बटणं लावली.
"पुढच्या मंगळवारी येते," म्हटलं, "मला सांग काय झालं ते."

परतताना, गुरं अडवायची लोखंडी जाळी ओलांडली
की मगच फोनला रेंज येते.
वेंडेल. नेहमीचा प्रश्न :
"आज काय केलं नाहीस?"
सगळं सांगितलं. तो खूश झाला असावा,
त्याचं कळत नाही.
आणि मग, का कोण जाणे, मी विचारलं :
"वेंडेल, तुला कोण विचारतं?"

पलीकडे एक पिनॉन फुटल्याचा आवाज.
मग तोही नाही.
गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.
बर्फ वितळून रस्त्याकडेच्या चरातून पाणी चाललं होतं.
मी काहीच बोलले नाही.