मिठाची कॉफी

कायसेरीला वेदात मला बघायला आला,
तेव्हा त्याच्या कॉफीत मी साखरेऐवजी मीठ घातलं.
रीतच आहे आमची. पण तीन चमचे
ही माझी भर.
त्यानं तोंड वाकडं केलं नाही,
तळातल्या गाळापर्यंत प्यायला.
त्या एका कपावर मी हो म्हटलं.

तू तुझा माणूस इस्तंबूलच्या फेरीबोटीवर शोधलास, नुराय,
दोन वर्षं भांडून, रुसून पारखलास.
तरी परवा त्याच्या कपात मीठ टाकताना
तुझा हात थरथरला.
मी दारातून पाहिलं.

एक सांगू?
तुझ्या बापाला त्या दिवशी सर्दी होती.
चवच लागली नव्हती म्हणे.

हे त्यानं मला सांगितलं
लग्नानंतर एकतीस वर्षांनी,
कांदा चिरता चिरता.