शोती

रविवारी सातला टेकडीवर घंटा होते,
तेव्हा मी कमरेपर्यंत भट्टीत असते.
डोकं खाली, पाय अधांतरी,
हातात कणकेची लांबट जीभ.
ती आतल्या भिंतीला थापायची
आणि भुवया जळायच्या आत वर यायचं.

फादर इओराम म्हणाले, त्सियाला,
ईस्टरनंतर दिसली नाहीस.
म्हटलं, फुगलेलं पीठ थांबत नाही, फादर.
हसले. दोन शोती घेऊन गेले,
पैसे द्यायचे राहिलेच.

खरं सांगू तुला?
तिथे उभी राहिले की मी मेणबत्त्या मोजते,
कुणाचा रुमाल नवा, कुणाची सून आली नाही,
आणि बाद्री पोलंडहून पैसे कधी पाठवेल.
इथे वाकते, श्वास धरते,
आणि तेवढ्या एका श्वासात
दुसरं कुणी मावतच नाही.
वर आले की पुन्हा सगळे असतात.

काल एक शोती भिंतीवरून सुटली,
थेट निखाऱ्यात.
मी तुझं नाव घेतलं की शिवी दिली,
आठवत नाही. दोन्ही असेल.
आकड्याने ओढून काढली,
काळं खरवडून उभ्या-उभ्या खाल्ली.
आत अजून पांढरी होती, मऊ,
इतकी गरम की डोळ्यांत पाणी आलं.
निदान मी तसंच म्हटलं
समोर उभ्या असलेल्या लमाराला.

तिची नजर उधारीच्या वहीवर.
किती देऊ? विचारलं.
एकच, म्हणाली,
पण आत्ता काढलेली दे.